जीएस चार वेळा वाचलं तरी पेपरात निम्मे चुकतात, पुण्याला परत जाऊ का? (चोपड्याहून)

केळीचा_घड
नमस्कार मंडळी. वर्षभर इथलं नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा लिहू राहिलो तर सांभाळून घ्या. मी चोपडा तालुक्यातला, घरी साडेतीन एकर केळी, बीएस्सी अ‍ॅग्री झालेलं. नंतर पुण्यात 8 महिने काढले, क्लास लावला, एका खोलीत पाच जण, अभ्यासिकेत खुर्ची मिळाली तर पंखा नाही अन् पंखा मिळाला तर खुर्ची डुगडुगती. पैसे संपले तसा परत आलो. वडील म्हणे पुनाले जाईसन काय भेटनं तुले? मी काय सांगणार, दोन गोण्या भरून झेरॉक्स भेटल्या. त्या गोण्या अजून माळ्यावर आहेत आणि आई दर आखाजीला विचारते की हे ठेवायचं का रद्दीत द्यायचं.

तर प्रॉब्लेम असा आहे की जीएसचे (सामान्य अध्ययन) सगळे विषय तीन-चार वेळा झाले माझे, हिस्ट्री तर पाच वेळा, वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, कोणी समोरून विचारलं तर सांगतोही, पण टेस्टला बसलो की वाट लागते. रविवारी घरीच घड्याळ लावून यूपीएससी पॅटर्नची टेस्ट दिली. 74 सोडवले, 38 बरोबर, 36 चूक. मार्क 52. त्याआधीच्या टेस्टला 58 होते, म्हणजे वाचतोय तसे मार्क कमी होऊ राहिले!

आता राज्यसेवेची मेन्सही (मुख्य परीक्षा) 2025 पासून वर्णनात्मक झाली, यूपीएससीसारखीच, म्हणून दोन्ही सोबत करायचा विचार आहे. माध्यम मराठी ठेवायचं. रात्री केळीला पाणी द्यायला मलाच जावं लागतं कारण आठवड्यातले काही दिवस थ्री फेज रात्रीच येते, त्यामुळे सकाळचा अभ्यास बोंबलतो. मित्र म्हणतात परत पुण्याला चल, वातावरण लागतं. काय करू? खरं सांगा, गोड बोलू नका.

भुसावळ_जंक्शन
पुण्याला जाऊ नको. वातावरण म्हणजे चहाच्या टपरीवर कटऑफची चर्चा, बाकी काही नाही. मी तीन वर्षं त्या वातावरणात होतो, चहा सुटला नाही अजून.

सीसॅट_पीडित
गोड बोलू नका म्हणालास ना, मग ऐक. 38 गुणिले 2 झाले 76, त्यातून 36 चुकांचे 24 वजा, राहिले 52. चुकीला एक तृतीयांश जातात म्हणजे दोन मार्काच्या प्रश्नाला 0.66. आता सगळे तुला सांगतील की जास्त रिस्क घेतोस, कमी सोडव. ते अर्धवट आहे. एकदा कागदावर हिशोब करून बघ, चार ऑप्शनपैकी एकही कटत नसताना डोळे मिटून टिक केली तर सरासरीला शून्य येतं, ना फायदा ना तोटा. एक ऑप्शन नक्की कटला तर थोडं प्लस आणि दोन कटले तर चांगलंच प्लस, प्रश्नामागे जवळपास 0.67 मार्क. म्हणजे अंदाजाने टिक केल्यामुळे माणूस 52 वर येत नाही. खड्डा दुसरीकडे आहे आणि तो तुला दिसत नाहीये.

एक काम कर. तीच टेस्ट परत घे, उत्तरं बघू नको, प्रत्येक प्रश्नासमोर आठवून लिही की टिक करताना मनात काय होतं, पक्कं होतं, दोनात अडकला होता की हवेत बाण. मग तिन्हीचे बरोबर-चूक वेगवेगळे मोज आणि इथे टाक. खोटं लिहू नको, आम्हाला काय फरक पडत नाही.

आणि सीसॅटचा (प्रिलिमचा म्हणजे पूर्व परीक्षेचा गणित-उताऱ्यांचा पेपर, त्यात फक्त पास व्हायचं असतं) एक शब्द काढला नाहीस त्यावरून कळलं की अभ्यास केलेला नाही. मी धुळ्याचा, चार प्रिलिम दिल्या, शेवटच्या वेळी जीएसला 104 आले होते, घरी पेढे आणायची चर्चा सुरू. सीसॅटला 31 बरोबर, 17 चूक. अडीच मार्काचा प्रश्न, चुकीला 0.83. एकूण 63.33. लागतात 33 टक्के म्हणजे 66. त्या 17 मधले फक्त चार सोडले असते कोरे तर 66.67 होऊन पास होतो मी. चार! त्या चारातला एक तर शेवटच्या दोन मिनिटात टिक केलेला, अजून आठवतो, पाण्याच्या टाकीचा होता. आज सरकारी नोकरीत आहे, वाईट काही नाही, पण रोज जीएस वाचणाऱ्या प्रत्येक पोराला मी हे सांगतो आणि प्रत्येक पोरगा मान हलवतो आणि सीसॅट शेवटच्या महिन्यात काढतो.

केळीचा_घड
दादा, सीसॅट खरंच नाही काढलेलं. अ‍ॅग्रीवाल्याला गणित जमतं असं वाटायचं. टेस्टचं वर्गीकरण करून टाकतो.

पांझराकाठ
बेटा, मी परीक्षेतला माणूस नाही. पाटबंधारे खात्यात 31 वर्षं नोकरी करून साक्रीला घरी बसलोय, मुलगी राज्यसेवा करते म्हणून तिचा अभ्यास बघता बघता मलाही नाद लागला. तू रात्री केळीला पाणी देतोस हे वाचलं आणि वाटलं की लिहावं.

मागच्या महिन्यात मुलगी पाण्याच्या पारंपरिक पद्धती पाठ करत होती, राजस्थानचा जोहड, मेघालयातलं बांबूचं ठिबक, बिहारची आहर-पाइन, आणि त्यातच एक ओळ, महाराष्ट्रात फड. तिने ओळ वाचली आणि पुढे गेली. मी म्हटलं थांब, चल गाडीवर. पांझरेवर आमच्या इथून जवळच जुने बंधारे आहेत, तिला नेऊन दाखवलं की हा बंधारा, हा इथून निघतो तो पाट, पाटाच्या चाऱ्या होतात, आणि खाली सगळी जमीन तीन-चार फडात वाटलेली असते. एका फडात एकच पीक, सगळ्यांनी तेच घ्यायचं, पुढच्या हंगामाला बदलायचं. पाणी सोडायचं काम पाटकऱ्याचं, शेतकऱ्याने स्वतः दार उघडायचं नाही. आणि मुख्य गोष्ट, ज्या वर्षी पाणी कमी त्या वर्षी एखादा फड पडीक ठेवायचा पण प्रत्येकाची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असल्यामुळे नुकसान एकट्याचं होत नाही. आमचे म्हातारे लोक हे करत होते तेव्हा याला कोणी सहभागी सिंचन व्यवस्थापन म्हणत नव्हतं. मग आमच्याच खात्याने 2005 साली शेतकऱ्यांनी सिंचन व्यवस्थापन करायचा कायदा आणला, पाणी वापर संस्था काढल्या, आणि त्या किती चालल्या हे मी नोकरीत बघितलंय, त्याबद्दल जास्त बोलत नाही.

आता ती ओळ तिला विसरायला सांगितली तरी विसरणार नाही. तुझ्याकडे तर जास्त माल आहे. तुझं शेत सातपुड्याच्या पायथ्याला आहे, चोपडा, यावल, रावेरच्या त्या पट्ट्याला भूगोलात बझाडा म्हणतात, डोंगरातून आलेले दगडगोटे, वाळू, गाळ साठून झालेला, वरून येणारं पाणी तिथे खाली मुरतं. तापी मेगा रिचार्ज म्हणून जे ऐकतोस, तापीचं पाणी जमिनीत मुरवायचा प्रकल्प, ज्याचा मध्य प्रदेश आणि महाराष्ट्राचा करार 10 मे 2025 ला भोपाळला झाला, तो सगळा खेळ ह्याच पट्ट्याच्या जोरावर आहे. तुमच्याकडच्या बोअर किती खाली गेल्या हे घरात विचार. दोनशे फुटावर लागायचं तिथे आता कितीवर आहे हे तुझ्या वडिलांना पाठ असेल. ते जीएस तीनच (मेन्सचा तिसरा जीएस पेपर) आहे बेटा, फक्त नोट्समध्ये नाही.

सीसॅट_पीडित
काका, मान राखून सांगतो, हे छान आहे पण पोराला भलत्या नादाला लावू नका. प्रिलिमच्या 100 प्रश्नात खान्देश किती येतो? वर्षानुवर्षं एकही येत नाही. मेन्सला एका पेपरात 20 प्रश्न, तीन तास, म्हणजे प्रश्नाला 9 मिनिटं, त्यात फडाची गोष्ट सांगत बसलात तर पुढचे दोन प्रश्न कोरे जातील.

पांझराकाठ
मुलगीही हेच म्हणाली. मी तिला अडीचशे शब्द लिहून दिले होते, तिने त्यातलं एक वाक्य घेतलं. पण ते वाक्य तिच्या वर्गात दुसऱ्या कोणाकडे नव्हतं.

भुसावळ_जंक्शन
काका 1 – सीसॅट 0 😄

धडगावची_तलाठी
(तलाठी म्हणायचं नाही आता, ग्राम महसूल अधिकारी झालं पद, पण आयडी कोण बदलणार. पाड्यावर सगळे तलाठी मॅडमच म्हणतात.)

मला दोघांचंही पटतं म्हणून मधलं काहीतरी सांगते. मी अक्राणीकडची, आम्ही पावरा. नोकरी करून अभ्यास चालू आहे. पॉलिटीत (राज्यघटनेत) आदिवासी भागांच्या कारभाराची पाचवी अनुसूची मी सहा वेळा वाचली होती आणि सहाही वेळा सहाव्या अनुसूचीत मिसळून टाकली. कलम 244, राज्यपालांचे अधिकार, जनजाती सल्लागार परिषद 20 जणांपर्यंत आणि त्यातले तीन चतुर्थांश विधानसभेतले आदिवासी आमदार, हे सगळं एकावर एक रचलेल्या कपबश्यांसारखं, एक हात लागला की सगळं खाली. मग जॉब लागला आणि पहिल्याच महिन्यात ग्रामसभेला बसावं लागलं. पाड्यावर, आंब्याखाली, सतरंजी फक्त साहेबांसाठी. विषय होता पाच टक्के अबंध निधीतून काय करायचं. एक आजोबा उठले आणि म्हणाले की हा पाडा गावापासून दीड तासावर डोंगराच्या पलीकडे आहे, आमची ग्रामसभा वेगळी पाहिजे, रस्ता कुठे करायचा ते आम्ही ठरवू. मी मनात म्हटलं अरे हाच तर पेसा, आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा. 1996 चा केंद्राचा कायदा, महाराष्ट्राचे नियम 2014 चे, आणि त्यात पाड्याला स्वतःचं गाव म्हणून मागणी करता येते ती तरतूद, ती आजोबांना माहीत होती आणि मी दोन टेस्टमध्ये चुकले होते.

त्यानंतर पाचवी-सहावी कधी मिसळली नाही. सहावी फक्त आसाम, मेघालय, त्रिपुरा, मिझोराम. बस. आपल्याकडे स्वायत्त जिल्हा परिषद नाही म्हणजे सहावी नाही, एवढं डोक्यात बसलं की अर्धे ऑप्शन कटतात.

पण सीसॅटदादांचंही खरं आहे की इथला प्रश्न इथल्या नावाने येत नाही. म्हणून मी काय करते, घरचं एक टोक धरायचं आणि दुसरं टोक सिलॅबसमध्ये सापडेपर्यंत ओढायचं. उदाहरण देते. आमच्या जिल्ह्यातलं शहादा तालुक्यातलं टेंभली, देशातलं पहिलं आधार 29 सप्टेंबर 2010 ला तिथे दिलं. हे प्रिलिमला कोणी विचारणार नाही. पण तिथून ओढलं की आधारचा कायदा यायला 2016 उजाडलं म्हणजे मधली सहा वर्षं कायद्याशिवायच, मग 2017 ला नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला, कलम 21, मग 2018 ला पाच जणांच्या घटनापीठाने चार विरुद्ध एकने आधार ठेवलं पण खासगी कंपन्यांना वापरू देणारा भाग काढला. आणि मी स्वतः रेशनवर बघते की म्हाताऱ्या बाईचा अंगठा मशीनवर उठत नाही, रेघाच झिजल्यात कामाने. हा जीएस दोन झाला आणि एथिक्सचा चारही झाला. नुसतं टेंभली पाठ केलं असतं तर तो क्विझचा प्रश्न होता.

माध्यमाबद्दल, मेन्स मराठीत लिही बिनधास्त, पण यूपीएससीच्या प्रिलिमचा पेपर इंग्रजी आणि हिंदीतच असतो, त्यामुळे शब्द इंग्रजीतून ओळखीचे पाहिजेत. मी वहीत मराठी लिहून बाजूला इंग्रजी शब्द देवनागरीतच लिहिते, कन्करंट, प्रोरोग, असं. आधी हसायचे सगळे.

केळीचा_घड
मॅडम, काका, दादा, सगळ्यांना धन्यवाद, काल रात्रभर हेच करत होतो, व्हॉल्व उघडायचा, बांधावर बसायचं, मोबाईलच्या उजेडात पेपर. आकडे टाकतो.

पक्के वाटलेले 31, त्यातले बरोबर 21.
दोनात अडकलेले 25, बरोबर 12.
हवेत 18, बरोबर 5.

सीसॅट_पीडित
बघ. हवेतले 18 पैकी 5, म्हणजे नशिबाने जे व्हायचं तेच झालं, 10 मधून 8.67 गेले, सव्वा मार्क आला, सोडून दे. दोनातले 25 पैकी 12, तेही नाणं उडवल्यासारखंच पण तिथे 15 मार्क मिळालेत तुला, 24 वजा 8.67. खरा घोटाळा पहिल्या ओळीत आहे. 31 पक्के आणि 10 चुकीचे. ते दहा बरोबर असते तर तिथेच 26 ते 27 मार्क वाढतात आणि तू 52 चा 78 वर जातोस, एकही नवीन पान न वाचता. तुझं वाचन कमी पडत नाहीये भो, तुझं ओळखीचं वाटणं आणि माहीत असणं यात घोळ आहे. चार वेळा वाचल्याने ते वाढतं, कमी होत नाही. पाचव्यांदा वाचू नको. मागच्या दहा वर्षांचे पेपर घे, प्रत्येक ऑप्शन का चूक हे लिही, फक्त बरोबर का हे नाही.

ते दहा कोणते होते? दोन-तीन तरी सांग.

केळीचा_घड
लाज वाटू राहिली सांगायला.

पहिला, काँग्रेस अधिवेशन. फैजपूर 1936, पहिलं खेड्यातलं अधिवेशन, हे आमच्याकडे लहानपणापासून ऐकतो, फैजपूर इथून काही लांब नाही, दोन-तीनदा गेलोय. विधान होतं की अध्यक्ष गांधीजी होते. मी बरोबर धरलं. गांधीजी आले होते एवढं माहीत म्हणून. अध्यक्ष नेहरू होते, आणि गांधीजी अध्यक्ष फक्त बेळगावला 1924 ला. हे दोन्ही मी कुठेतरी वाचलेलं होतं, वेगवेगळ्या पानावर.

दुसरा, खान्देशातल्या भिल्लांचा उठाव. 1857 चा भाग आहे असं विधान होतं, मी खाज्या नाईक आठवून हो केलं. पण प्रश्न 1818 नंतरच्या उठावाचा होता, इंग्रजांनी खान्देश घेतल्यावरचा, आणि त्यावर उपाय म्हणून आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने 1825 ला भिल्ल कोअर (भिल्लांची पलटण) उभी केली ती पण धरणगावला. माझी मावशी धरणगावला राहते!

तिसरा सांगतच नाही.

धडगावची_तलाठी
सांगा हो, आम्ही काय जिल्हाधिकाऱ्यांना कळवणार आहोत का.

केळीचा_घड
तापी. विधान होतं की नर्मदा आणि तापी दोन्ही अमरकंटकला उगम पावतात आणि खचदरीतून पश्चिमेला वाहतात. दुसरा अर्धा भाग बरोबर होता म्हणून पूर्ण विधान बरोबर केलं. नर्मदा अमरकंटक, तापी मुलताई, बैतूल जिल्हा. माझी आजी आषाढात तापीमाईची जयंती करायची, मुलताईचं नाव घेऊन ओटी भरायची. मी ते नाव 24 वर्षं ऐकलंय आणि पुण्याच्या नोट्समधलं अमरकंटक टिक करून आलो.

भुसावळ_जंक्शन
माले तं हसूच आवरेना भो 😂 तापीवरचा माणूस!

पांझराकाठ
हसू नका रे. मी तिसाव्या वर्षी खात्यांतर्गत परीक्षेत गिरणेचा उगम चुकलो होतो, आणि तेव्हा माझं ऑफिस गिरणेच्या कालव्यावर होतं.

सीसॅट_पीडित
काका हे तुम्ही आधी सांगायला पाहिजे होतं 😀 बरं घड भाऊ, पुढच्या रविवारी टेस्ट दे आणि याच तीन ओळी परत टाक. पक्के 31 चे 25 झाले तरी चालतील पण त्यात दोनच्या वर चूक नको. आणि राज्यसेवेच्या प्रिलिमला चुकीला पाव जातो, तिथला हिशोब वेगळा बसतो, दोन्हीचा सराव एकाच सवयीने करू नको. सीसॅट रोज 45 मिनिटं, दुपारी, झोप येते त्याच वेळेला, कारण पेपरही दुपारीच असतो. पुण्याचं भाडं वाचतंय त्यात प्रिंटर घे सेकंडहँड.

केळीचा_घड
ठीक दादा. माळ्यावरच्या गोण्या आज खाली उतरवल्या, एका बाजूने कोऱ्या आहेत त्या पानांवर गणितं करतो, उरलेल्या आईला सांगितलं दे रद्दीत, तर आता तीच नाही म्हणू राहिली, म्हणे एवढे पैसे गेले, राहू दे. वडिलांना बोअरचं विचारलं काका, तुम्ही म्हणाले तसं पाठ निघालं, आजोबांच्या वेळची विहीर 60 फूट, पहिली बोअर 180 ला, आताची 420. वहीत लिहून ठेवलं. जातो, बाराला लाईट येईल, खालच्या वाफ्याचा व्हॉल्व बदलायचाय.